पंचाहत्तरीची विमानं

माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी त्यांना बॉम्बफेकी विमानं दाखवायला नेलं. हा मूर्खपणा माझा एकटीचा. नवऱ्याचा त्यात वाटा नव्हता, त्या दिवसांत तो कशातच वाटा घेत नव्हता. लहानपणी ज्या माणसाच्या डोक्यावर बॉम्ब पडले होते, त्याला मी कपाळाला कुंकू लावून, हातावर पेढा ठेवून, इस्त्रीचा ब्लेझर चढवून बॉम्बरांच्या जत्रेला नेलं आणि वर दिवसभर विचारत राहिले, "बाबा, मजा येतेय ना?"

आता मी आजी झाले आहे. नातीला हे सांगितलं की ती विचारते, "आजी, डिडन्ट यू नो?"

माहीत होतं गं. तीच तर गंमत आहे. सासऱ्यांचा जन्म रंगूनचा, लहानपण ब्रह्मदेशात गेलं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. युद्धात रंगूनवर बॉम्ब पडले, हेही मला माहीत होतं. बी.ए.ला माझा इतिहास होता आणि दुसऱ्या महायुद्धावरचा मोठा प्रश्न मी पुरवणी लावून सोडवला होता. फक्त या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि मधलं दार मी कधी उघडलं नव्हतं.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे दुबईला, करामाला राहायला आले. तिथून विमानतळ काही लांब नाही. वरून विमान गेलं की हे हातातलं सगळं टाकून गॅलरीत. चहा अर्धवट, दाढी चालू असेल तर एका गालाला साबण तसाच. विमान दिसेनासं होईपर्यंत बघायचे आणि मग आत येऊन पेपर उघडायचे. आम्ही कौतुकाने सांगत सुटलो की आजोबांना विमानांचं भारी वेड. एका वाढदिवसाला विमानाचं चित्र असलेला मग दिला, एकदा टेबलावर ठेवायचं विमान दिलं, आणि एकदा मी स्वतः ड्रॅगन मार्टमधून घासाघीस करून दुर्बीण आणली. ती त्यांनी कधी वापरली नाही.

"मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं," म्हणायचे.

त्यावर मी हसायचे. केवढी हुशार होते मी.

मंदी आली त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नवऱ्याची कंपनी इमारती बांधायची. एका गुरुवारी तो दुपारी जेवायला घरी आला. इतक्या वर्षांत तो कधीही दुपारचा जेवायला घरी आला नव्हता. मी पोळी वाढली आणि काही विचारलं नाही. दुसरी पोळी वाढल्यावर तो म्हणाला, "खलास." मी म्हटलं, "भाजी घ्या." झालं, एवढंच आमचं बोलणं.

व्हिसा कंपनीचा, आणि त्याच्या व्हिशावर मी, मुलगी आणि सासरे. तो कॅन्सल झाला की महिन्याभरात सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. मुलीला आम्ही सांगितलं, ती तेव्हा अकरावीत होती. शेजारी कळलं. सासऱ्यांना तेवढं सांगितलं नाही. कारण पुण्यातलं त्यांचं घर आमच्याच सांगण्यावरून त्यांनी विकलं होतं आणि ते सगळे पैसे इथल्या एका इमारतीत घातले होते, जिची अजून नुसती पाटी उभी होती. आता परत जायचं ते नाशिकला धाकट्या दिराकडे, म्हणजे त्याच्या हॉलमधल्या दिवाणावर. तुमचं घर गेलं आणि आमचंही, हे म्हाताऱ्या माणसाला कोणी सांगायचं, एवढा एकच प्रश्न घरात उरला होता. नवरा रोज सकाळी म्हणायचा, "आज सांगतो." रात्री म्हणायचा, "उद्या."

तोवर सासऱ्यांना सांगितलं होतं की त्याची रजा शिल्लक आहे, ती तो संपवतोय.

"बरीच साठली होती वाटतं," सासरे पेपरामागून म्हणाले.

माझं काय चाललं होतं म्हणाल, तर काहीच नाही. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तशी मी सबंध झाले होते. कोणी चिमटा काढला असता तर कोणीतरी चिमटा काढतंय एवढं कळलं असतं. स्वयंपाक होत होता, केसांना मेंदी लागत होती. दुपारी सासरे आडवे झाले की मी एकेक वस्तू उचलून शेजारणीला नेऊन द्यायचे. इडलीपात्र, मोठा कुकर, दिवाळीचे डबे. खालच्या ग्रोसरीवाल्या मल्याळी भाईला फोन करून पाच किलोच्या पिशवीऐवजी किलो-किलो डाळ-तांदूळ मागवायचे, तेही हळू आवाजात. मला वाटायचं, काय सफाईने चालवलंय मी सगळं.

पंचाहत्तरीचा बेत खरं तर मोठा होता. इथल्या मराठी मंडळाची माणसं बोलावायची, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, शाल, श्रीफळ, फोटो. तो आपोआप बारगळला. आलेल्या माणसांनी "मग, काय ठरवलंत?" विचारलं असतं तर आम्ही काय सांगणार होतो? तेवढ्यात नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत मला चार पास सापडले. अल ऐनच्या रस्त्याला वाळवंटात एक जुनी धावपट्टी आहे, तिथे युद्धातली बॉम्बर विमानं उडून येणार होती आणि त्या युद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांचा सत्कार होणार होता. बरे दिवस असताना कंपनीने या कार्यक्रमाला पैसे दिले होते. नोकरी गेली, पास राहून गेले. आणि दिवस नेमका पंचाहत्तरीचाच.

"बाबांना विमानं दाखवू," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही त्यांना सांगून टाकायचं. छान मूडमध्ये असतील तेव्हा."

"बरं," नवरा म्हणाला. त्या महिन्यात तो सगळ्यालाच बरं म्हणायचा.

मुलगी म्हणाली, "आई, धिस इज अ वॉर थिंग. आजोबा लाइक्स नॉर्मल प्लेन्स."

"विमान ते विमान," मी म्हटलं. बी.ए. इतिहास.

सकाळी ओवाळलं. पंच्याहत्तर दिवे लावले असते तर बिल्डिंगचा अलार्म कोकलला असता, म्हणून पाचच. निळा ब्लेझर मी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. म्हटलं, "बाबा, चपला नकोत हां आज. बूट."

"चपला नाहीतच," सासरे म्हणाले. "अंगठा तुटलाय. खाली मोच्याकडे टाकल्यात."

रस्त्यात क्रेन उभ्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून, जणू कोणाची तरी वाट बघत. आमच्या इमारतीची पाटी आली तेव्हा नवऱ्याने डावीकडे बघितलं, मी उजवीकडे. मुलगी मोबाइलमध्ये. सासरे पुढच्या सीटवर होते, ते सरळ बघत होते.

"आपली बिल्डिंग इथेच ना?"

"हो, पुढे."

"दिसली नाही."

"कामगार गावाला गेलेत बाबा," मी मागून म्हटलं.

"हं. सगळीकडेच रजा चालू आहेत," ते म्हणाले.

धावपट्टीवर पांढरे तंबू होते, कॉफी होती, लाउडस्पीकर आधी अरबीत आणि मग इंग्रजीत बोलत होता. नवऱ्याने पासची दोरी गळ्यात अडकवली आणि पास शर्टाच्या आत घातला, कारण त्यावर कंपनीचं नाव होतं. दोरी मात्र मानेवर दिसत होती. सावलीत एक लांब रांग मांडली होती, तिथे ते म्हातारे सैनिक बसले होते. परदेशांतून आणलेले, ब्लेझरवर पदकं, कोणी चाकांच्या खुर्चीत, एकाच्या नाकात नळी. आम्ही पासवाले उन्हात, दोरीच्या अलीकडे.

तेवढ्यात एक फिलिपिनो मुलगी, गळ्यात बिल्ला, धावत आली. तिने सासऱ्यांचा ब्लेझर बघितला, ताठ पाठ बघितली आणि अदबीने म्हणाली, "सर, व्हेटरन्स धिस वे."

इथे एक शहाणी बाई म्हणाली असती, नाही हो, ताई, हे आमचे घरचे आहेत. मी काय बघितलं, तर खुर्चीला गादी होती, वर पंखा होता आणि बाजूला थंड पाणी होतं. फुकट आणि चांगली जागा मिळत असली की आपण कोणाचेही कोणीही व्हायला तयार असतो.

"अगं, पण मी यांच्यातला नाही," सासरे म्हणाले.

"कोण विचारतंय? बसून घ्या बाबा. यल्ला, चला."

त्यांना बसवलं आणि "आय अॅम विथ हिम" म्हणून मीही शेजारी उभी राहिले. त्या मुलीने त्यांच्या ब्लेझरला कागदी फूल टाचलं. माझा त्या दिवसाचा एक फोटो आहे. उन्हाने डोळे बारीक झालेत आणि गॉगल डोक्यावर, केसांना ऊन लागू नये म्हणून. चेहऱ्यावर असा भाव, की मीच काहीतरी जिंकून आणलंय. नात तो फोटो बघते आणि लोळून हसते. हसू दे. मी त्या बाईला भेटले असते तर मीही हसले असते.

मग विमानं आली. दिसायच्या आधी ती ऐकू आली. आत्ताची विमानं ओरडतात, ती तशी नव्हती. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यावर पायांखालची जमीन हलते आणि आवाज पोटात शिरतो, तसा तो आवाज. मग क्षितिजाकडून चार काळी, जाड, जुनी धुडं हळूहळू आली. लोक उभे राहिले. नळीवाल्या म्हाताऱ्याने हात कपाळाला लावून सलाम केला. आजूबाजूला माणसं डोळे पुसत होती. मी मनात चाचपून बघितलं, आपल्यालाही काही वाटतंय का. नव्हतं वाटत. उद्या शेजारणीला मिक्सर द्यायचा की ठेवायचा, एवढंच डोक्यात चाललं होतं.

लाउडस्पीकर म्हणाला की आता एक विमान खाली येईल, पोट उघडेल आणि सैनिकांवर गुलाबाच्या पाकळ्या सोडेल. मी सासऱ्यांच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "बाबा, बघा, बघा. वर बघा, फुलं पडणार."

ते बघतच होते. दिसेनासं होईपर्यंत बघायची सवय होती, पण हे तर जवळ येत होतं. विमानाच्या पोटाची दोन दारं उघडली. सासरे खुर्चीतून उठले आणि सरळ खाली, वाळूवर अंथरलेल्या जाजमावर बसले. माझं मनगट धरून त्यांनी मलाही खाली ओढलं. एवढी ताकद त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. खिशातून रुमाल काढला, त्याची घडी दातांत धरली, दोन्ही कानांत बोटं घातली. मग रुमाल काढून मला म्हणाले, अगदी शांतपणे, "कान दाब. तोंड उघडं ठेव."

लग्नाला माझ्या अठरा वर्षं झाली होती. या माणसाने मला कधी गप्प बस म्हटलं नव्हतं, पण मनात कितीदा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. आणि आज ते मला तोंड उघडं ठेवायला सांगत होते. मी ठेवलं. कान दाबून, आ वासून, नव्या साडीत मी वाळवंटात बसले होते, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यातल्या दोन खोल्यांमधलं ते दार उघडलं. रंगून. त्यांचा जन्म कधीचा, युद्ध कधीचं. इतकी वर्षं गॅलरीत हा माणूस काय बघत होता.

पाकळ्या पडल्या. एक माझ्या तोंडात पडली. मी ती थुंकली नाही. तिला चव नव्हती.

सगळे टाळ्या वाजवत होते. दोरीपलीकडे नवरा मोबाइल खाली धरून उभा होता. मुलगी मात्र दोरीखालून वाकून आत आली, आजोबांच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनेही कान दाबले. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आवाज गेल्यावर सासरे उठले. पॅंट झटकली, रुमालाची घडी पुन्हा खिशात ठेवली आणि खुर्चीवर बसले. शेजारच्या चाकांच्या खुर्चीतला गोरा म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या छातीवर पदकांची ओळ होती. त्याने विचारलं, "व्हिच स्क्वाड्रन?"

"नो स्क्वाड्रन," सासरे म्हणाले. त्यांचं इंग्रजी जुन्या शाळेतलं, एकेक शब्द ठेवल्यासारखं. "आय वॉज अंडरनीथ. इन रंगून. आय वॉज सेव्हन."

"आय सी," म्हातारा म्हणाला.

मग त्याने हात लांब केला आणि सासऱ्यांच्या खांद्यावर पडलेल्या पाकळ्या दोन बोटांनी एकेक करून काढल्या. सासऱ्यांनी काढू दिल्या. दोघंही समोर बघत बसले. समोर रिकामी धावपट्टी होती.

येताना गाडीत इतका वेळ गप्प बसण्याचा मला सराव नव्हता, पण त्या दिवशी जमलं. मुलीनेच विचारलं, "आजोबा, व्हॉट हॅपन्ड देअर?"

"पहिल्या वेळी आम्ही बघायलाच उभे होतो," सासरे म्हणाले. ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बोलत होते, पुढचे स्टॉप वाचून दाखवावेत तसे. "सगळा रस्ता बघायला बाहेर आला होता. उन्हात चांदीची दिसत होती. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं. आम्ही टाळ्या वाजवल्या."

"देन?"

"मग पडले. स्फोटाने कान फुटू नयेत म्हणून तोंड उघडं ठेवायचं, ते नंतर शिकवलं शाळेत. मग एक दिवस आई म्हणाली, मावशीकडे जायचंय, दोन दिवसांत परत येऊ. माझे बूट मोच्याकडे होते. म्हटलं, घेऊन येऊ का? म्हणाली, आल्यावर आणू."

गाडी आमच्या इमारतीच्या पाटीवरून पुढे गेली. यावेळी कोणी कुठे बघायचं ते ठरवलं नाही.

"मग चितगावपर्यंत चालत," सासरे म्हणाले. "आई वाटेत तापाने गेली. तिला माहीत होतं, परत यायचं नाही ते. वडिलांनाही. मलाच तेवढं नव्हतं."

नवऱ्याने हात स्टीअरिंगवर नीट ठेवले. त्याच्या मानेवर अजून पासची दोरी होती.

घरी आल्यावर तो वडिलांशेजारी सोफ्यावर बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ठरल्याप्रमाणे आता सांगायचं होतं. टीव्ही बंद होता. त्याने दोनदा घसा साफ केला.

"बाबा."

"हं."

"चहा घेणार?"

"घेईन."

तो उठला आणि स्वतः चहा करायला आत गेला. आमच्या संसारात त्याने कधी गॅस पेटवला नव्हता. साखर कुठे आहे हे त्याने विचारलं नाही, एकेक डबा उघडून बघत राहिला. बरेच डबे रिकामे होते. मी त्याला एकटं सोडलं आणि गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले.

मागोमाग सासरे आले. ब्लेझरवर ते कागदी फूल अजून होतं, त्यांना ते काढायचं सुचलं नव्हतं आणि मलाही.

"बाबा, मी मूर्ख आहे," मी म्हटलं. "तुम्हाला तिकडे न्यायला नको होतं."

"ते मला तुमच्या लग्नातच कळलं होतं," ते म्हणाले. "पाणीपुरीच्या स्टॉलवर नवरी मुलगी दोनदा गेली होती."

मी हसले. हातात त्यांचाच पायजमा होता, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. वरून एक विमान आलं. सासऱ्यांनी मान वर केली आणि नेहमीसारखं ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. आत भांड्यात चहा उतू गेल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मग कठड्याला हात टेकून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले,

"डाळ किलोने यायला लागली तेव्हाच समजलो मी. त्याला काही म्हणू नकोस, त्याला जमेल तेव्हा सांगेल तो. तू मला फक्त निघायचा दिवस सांग. चपला मोच्याकडे आहेत, त्या आधी आणून ठेवतो."